वाचकांचे प्रश्न : पस्तिशीतला टॉप स्कोरर

प्रश्न : दादा, मी परळला राहतो, वय २७, नोकरी सांभाळून रविवारी फॉरवर्ड खेळतो. घरचे म्हणतात आता बस कर. इटलीत म्हणे एक लोहारकाम करणारा माणूस फुटबॉलर झाला आणि पस्तिशीत टॉप स्कोरर, हे खरंय की व्हॉट्सअपवरची थाप?

उत्तर : शंभर टक्के खरंय. दारिओ ह्युबनर, ट्रिएस्तेकडचा, जन्म २८ एप्रिल १९६७. अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या-दारं बनवायचा, म्हणजे आपल्याकडे फॅब्रिकेशनवाला म्हणतात तसा. खालच्या डिव्हिजनमध्ये पिएविजिना, पेर्गोक्रेमा, मग फानो, तिथे सेरी सी-१चा (इटलीतली तिसरी डिव्हिजन) टॉप स्कोरर झाला आणि १९९२ ला चेझेनाने उचलला. तिथे ५ सीझन काढले, १९९५-९६ ला सेरी बीमध्ये (दुसरी डिव्हिजन) २२ गोल, परत टॉप.

सगळ्यात वरची डिव्हिजन, सेरी ए, मिळाली ती थेट तिशीत, ब्रेशाकडून. पहिलीच मॅच ३१ ऑगस्ट १९९७, सान सिरोवर, समोर इंटर आणि सगळं स्टेडियम आलेलं ब्राझीलच्या रोनाल्डोची पहिली लीग मॅच बघायला, आणि पहिला गोल कोणी मारला तर आपल्या ह्युबनरने! शेवटच्या दहा मिनिटांत इंटरच्या रेकोबाने लांबून डाव्या पायाने दोन अशा ठेवून दिल्या की ब्रेशा २-१ हरली, आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे रेकोबाच. मला आजही ह्युबनरचं वाईट वाटतं, ३० वर्षं वाट बघितलेल्या माणसाचा गोल कोणाच्या लक्षातच नाही राहिला.

पुढे २००१ ला तो पियाचेन्झाला गेला. छोटा क्लब, खाली जायची टांगती तलवार, आणि याने २४ गोल ठोकले, युव्हेंटसच्या त्रेझेगेच्या बरोबरीने. पस्तिशी पूर्ण झाली आणि पुढच्याच आठवड्यात सीझन संपला, शेवटच्या दिवशी पियाचेन्झाने वेरोनाला ३-० ने हरवलं, वेरोना खाली, हे वाचले. तरी इटलीकडून एकही मॅच नाही मिळाली बिचाऱ्याला. विएरी, इन्झागी, देल पिएरो, मोंतेल्ला असताना जागा होती कुठे म्हणा.

लोक त्याची सिगरेट आणि दारूच सांगत बसतात. ओढायचा, त्याने स्वतःच सांगितलंय, पण त्यामुळे गोल नाही झाले रे. माझ्या मते खरी गोष्ट ही की फिरस्ता म्हणतात त्याला, पण चेझेनात ५ आणि ब्रेशात ४ सीझन टिकला, बाजूच्या पोरांना त्याची धाव पाठ झालेली, बॉल कुठे टाकायचा ते सांगावं लागत नव्हतं. म्हणून तुला म्हणतो, दर वर्षी कूपरेजच्या लीगसाठी क्लब बदलू नकोस. प्रो होशील असं मी नाही सांगणार, आपल्याकडे खालून वर जायची शिडी इटलीइतकी पक्की नाही, पण २७ ला बूट टांगायचं काहीच कारण नाही.

प्रश्न : असा अजून कोणी आहे का?

उत्तर : आहे ना, इगोर प्रोत्ती. १९९५-९६ ला बारीकडून २४ गोल, लाझिओच्या सिन्योरीसोबत टॉप, आणि बारी त्याच वर्षी रेलिगेट, म्हणजे खालच्या डिव्हिजनमध्ये! मग लिव्होर्नोत परतून सी-१चा टॉप स्कोरर, २००२-०३ ला सेरी बीचा, आणि २००४ ला लिव्होर्नो ५५ वर्षांनी सेरी एमध्ये. तिन्ही डिव्हिजनमध्ये टॉप स्कोरर झालेले हे दोघंच, आणि जन्मसालही एकच.