पहिल्या हप्त्याआधी

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

शैक्षणिक कर्जाबद्दल बँकेचं पत्र आल्यापासून तू धास्तावली आहेस, हे फोनवरच कळलं. "मॅडम, घेतले ४ लाख आणि झाले ५ लाख ४० हजार, हे कसं?" तुझी फसवणूक झालेली नाही. बी.एस्सी. नर्सिंगच्या चारही वर्षी तू १-१ लाख उचललेस आणि १० टक्क्यांचं सरळ व्याज पहिल्या दिवसापासून चालू होतं. पहिल्या लाखावर शिक्षणाची ४ आणि नंतर हप्ता न भरण्याच्या सवलतीचं १, अशी ५ वर्षं, म्हणजे ५० हजार. पुढच्या लाखांवर ४०, ३० आणि २० हजार. सवलत हप्त्याला होती, व्याजाला नव्हती. पहिल्या वर्षाच्या वर्गातच हे गणित फळ्यावर मांडायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

तरी शाखेत एक चौकशी कर. घरचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत शिक्षणाच्या आणि या सवलतीच्या काळातलं व्याज सरकार भरतं. तू त्यात बसतेस का आणि बँकेने तुझा दावा पाठवला होता का, हे अर्ज देऊन विचार. तोंडी उत्तरावर समाधान मानू नकोस.

आता मुदत. तू म्हणालीस, "पाच वर्षांत मोकळी होते." त्यासाठी महिन्याला साडेअकरा हजार लागतील, आणि तुला सांगितलेला पगार १७ हजार. मग तू दिवसा एकीकडे आणि रात्री दुसरीकडे ड्युटी करणार, आणि अशा अवस्थेत औषधाचा डोस मोजणार. हे मला अजिबात मान्य नाही. मुदत १५ वर्षांची माग. हप्ता साधारण ५,८०० येईल. शेवटपर्यंत तेवढाच भरलास तर एकूण साडेदहा लाखांच्या आसपास जातील, ही रक्कम मोठी आहे. म्हणून पगार वाढला की हप्त्यावर २,००० जादा भरायला लाग. सुरुवातीपासून जमलं तर पावणेनऊ वर्षांच्या आत कर्ज फिटतं आणि सव्वादोन लाखांहून जास्त वाचतात. बदलत्या व्याजदराच्या अशा कर्जाला मुदतीआधी फेडल्याचा दंड नसतो. जादा रक्कम भरताना मात्र लेखी दे, की हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा. एखाद्या महिन्यात अडचण आली तर २,००० थांबवता येतात; साडेअकरा हजारांचा हप्ता थांबवता येत नाही.

हप्ता चुकवायचा नाही, कारण कर्जात वडिलांचंही नाव आहे. ९० दिवस थकबाकी राहिली की खातं बुडीत वर्गात जातं आणि त्यांच्या नावावरही डाग लागतो. पुढच्या हंगामात ते पीककर्जाला गेले तर तो आडवा येईल. महिना जड जाणार असं दिसलं, तर हप्त्याच्या तारखेआधी मॅनेजरना भेट.

पगाराबद्दलही बोल, संकोच करू नकोस. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने ५० खाटांहून लहान रुग्णालयातही नर्सला किमान २० हजार मिळावेत, अशी शिफारस केली. तुझं रुग्णालय १०० खाटांच्या वरचं. तिथे सरकारी पगारापेक्षा फार तर १० टक्के कमी असावा, असं तीच समिती म्हणते. ती शिफारस आहे, सक्ती नाही, त्यामुळे एका भेटीत सगळं मिळणार नाही. पण रुग्णालयाने मूळ प्रमाणपत्रं ठेवून घ्यायला मागितली तर देऊ नकोस. कागद अडकले की चांगली संधी आली तरी पाय निघत नाही.

आणि सरकारी परीक्षा सोडू नकोस. सातव्या वेतन आयोगानुसार राज्याच्या अधिपरिचारिकेचं मूळ वेतन ३५,४०० पासून, एम्सच्या नर्सिंग ऑफिसरचं ४४,९०० पासून सुरू होतं. एका ड्युटीवर राहिलीस तरच अभ्यासाला वेळ मिळेल. दुसरी ड्युटी नको म्हणते त्याचं हेही कारण आहे.

आखातात पाठवतो म्हणणाऱ्या एजंटला ३ लाख द्यायला आणखी कर्ज काढायचा विचार सोडून दे. नोंदणीकृत एजंटलाही ३० हजार आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. शिवाय सौदी, कुवेत अशा देशांत नर्सची भरती सरकारने ठरवलेल्या संस्थांमार्फतच होते. परदेशी जरूर जा, पण सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर एजंटचं नाव तपासल्याशिवाय एक रुपया देऊ नकोस.

व्याजावरच्या करसवलतीसाठी कर्ज लांबव, असं कुणी सांगेल. तुझ्या पगारावर नव्या करप्रणालीत करच लागत नाही, तेव्हा तो सल्ला तुझ्यासाठी नाही.

मंजुरीपत्र आणि कर्जखात्याचा उतारा यांचे फोटो पाठव. व्याजदर बदलता आहे की स्थिर, ते मी बघते. मुदतीचा अर्ज आपण मिळून लिहू.

तुझी,
मॅडम