स्वदेशी, देशी की भारतीय बनावटीचं?

प्रश्न असा आलाय: बीएसएनएलच्या फोर-जीबद्दल कुणी 'स्वदेशी नेटवर्क' लिहितं, कुणी 'देशी', कुणी 'भारतीय बनावटीचं', आणि एके ठिकाणी तर चक्क 'भारतीय बनावट नेटवर्क' असं वाचलं, तर यातलं बरोबर काय?

शेवटचं आधी घेतो, कारण तिथे अर्थच फिरतो. नुसतं 'बनावट' विशेषण म्हणून आलं की मराठीत ते खोटं. बनावट नोटा, बनावट सही, बनावट कागदपत्रं. तोच शब्द 'बनावटीचा' झाला की मग घडण, मेक. जागा वाचवायला तो 'चं' उडवला की चांगल्या कामावर नकलीपणाचा शिक्का बसतो, आणि हे बघून मला खरंच वाईट वाटतं, इतक्या लोकांनी राबून उभं केलेलं काम आहे ते.

बरं, 'भारतीय बनावटीचं' चूक नाही, पण ते सांगतं किती? 'भारतीय बनावटीची विदेशी दारू' हा सरकारी कागदांतला नेहमीचा शब्द आठवा. तयार इथे झाली, प्रकार मात्र व्हिस्की, रम असा बाहेरचा. म्हणजे 'बनावटीचं' फक्त कुठे बनलं ते सांगतं, डोकं कुणाचं ते नाही. बाहेरच्या कंपनीचं डिझाइन घेऊन इथल्या कारखान्यात जोडलेली रेडिओ उपकरणंसुद्धा भारतीय बनावटीचीच की.

बीएसएनएलच्या फोर-जीचं तसं नाही. २७ सप्टेंबर २०२५ ला ओडिशातल्या झारसुगुड्यातून ज्याचं उद्घाटन झालं, त्यातलं कोअर, म्हणजे ग्राहक ओळखणं, त्याचा डेटा कुठून कसा न्यायचा हे ठरवणारं सॉफ्टवेअर, सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेचं आहे, टॉवरवरची रेडिओ उपकरणं तेजस नेटवर्क्स या भारतीय कंपनीची, आणि सगळ्याची जुळणी टीसीएसने केली. सी-डॉट १९८४ पासून हेच काम करतंय, गावागावात टेलिफोन पोचवणारी छोटी एक्स्चेंजेस त्यांचीच. इथे रचनाही आपली आहे, म्हणून माझं मत 'स्वदेशी'. त्यातला 'स्व' मालकी सांगतो, आणि १९०५ च्या चळवळीपासून या शब्दाला मराठीत जे वजन आहे ते इथे शोभतं.

'देशी' नको. देशी गाय, देशी बियाणं इथे तो छानच आहे, पण यंत्राला लावला की कानात गुन्ह्याच्या बातमीतलं 'देशी बनावटीचं पिस्तूल' वाजतं, म्हणजे कसंतरी घरच्या घरी जुळवलेलं.

अजून एक गडबड क्रियापदात होते. १ ऑक्टोबर २०२२ ला देशात फाइव्ह-जी सेवा 'सुरू झाली', ती 'विकसित केली' असं लिहू नये. उपकरणं, सॉफ्टवेअर विकसित करतात, सेवा सुरू करतात, आणि मानक, म्हणजे उपकरणांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचे नियम, ठरवतात. मानक जगभर एकच असावं लागतं, नाहीतर इथला फोन बाहेर चालायचा नाही. आपल्या टीएसडीएसआय या दूरसंचाराची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने 'फाइव्ह-जी-आय' नावाचं मानक केलं होतं, खेड्यांत एका टॉवरने जास्त लांबवर पोचावं हा त्यात मुख्य विचार, आणि पुढे तेही जागतिक मानकातच मिळवलं गेलं. त्यामुळे 'भारताचं वेगळं फाइव्ह-जी' असं लिहिलं की वाचणाऱ्याचा गैरसमज होतो, 'स्वदेशी उपकरणांवरचं फाइव्ह-जी' लिहावं.

आणि 'पुढच्या पिढीचं नेटवर्क' वाचून ते आपल्या पोराबाळांसाठी आहे असं वाटतं, त्यापेक्षा सरळ आकडा घालून 'सहाव्या पिढीचं' म्हणा नाहीतर 'सिक्स-जी'. लिंगाचं विचाराल तर नेटवर्क नपुंसकलिंगी, म्हणून फाइव्ह-जी 'आलं', माझ्या कानाला तरी 'आला' खटकतं.