शस्त्रक्रिया आणि औषधांशिवाय कंबरदुखी आटोक्यात ठेवता येते का?

सोलापुरात यंत्रमागावर उभे राहणाऱ्यांच्या आणि दिवसभर मांडी घालून विड्या वळणाऱ्यांच्या घरांत हा प्रश्न नेहमी विचारला जातो. बहुतेकांच्या बाबतीत उत्तर होकारार्थी आहे, कारण कंबरदुखीमागे मणक्याचा गंभीर आजार क्वचितच असतो आणि नवे दुखणे बहुधा काही आठवड्यांत ओसरते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे अंथरूण धरणे. पडून राहिल्याने पाठीचे स्नायू दुबळे होतात, म्हणून सोसेल तेवढी हालचाल चालूच ठेवावी. सिद्धेश्वर तलावाच्या काठाने रोज १० मिनिटे चालण्यापासून आरंभ करून वेळ हळूहळू वाढवावा. उताणे झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलण्याचा व्यायामही उपयुक्त आहे. विड्या वळताना पाठ भिंतीला टेकवावी आणि दर अर्ध्या तासाने उठावे. मजुरी हजारी विड्यांवर मिळत असताना उठणे जिवावर येते हे मान्य आहे, तरीही पाने भिजवणे, पाणी पिणे अशा निमित्ताने ते साधता येते.

शेकाने तात्पुरता आराम मिळतो. कमरेच्या पट्ट्यावर मात्र पैसे घालवू नयेत. दीर्घकालीन कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही त्याची शिफारस नाही.

पायातील शक्ती कमी होणे, जांघेत बधिरपणा, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, ताप अथवा अकारण वजन घटणे यांपैकी काहीही आढळल्यास घरगुती उपाय थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.