तुमचे प्रश्न : विश्व संपतं कुठे?

प्रश्न : सर नमस्कार, मुलगी आठवीत आहे, जेवायला बसलं की एकच विचारते की विश्व संपतं कुठे आणि संपलं की पलीकडे काय. नेटवर बघितलं तर विश्वाचं वय 1380 कोटी वर्षं आणि आपल्याला दिसतं 4600 कोटी प्रकाशवर्षांपर्यंत. प्रकाशापेक्षा फास्ट काहीच नाही म्हणतात ना, मग एवढ्या वेळात एवढ्या लांबून प्रकाश आला कसा? का आकडाच चुकलाय?
(एक पालक, सिडको, नाशिक)

उत्तर : आकडे दोन्ही बरोबर आहेत, आणि तुमची शंका पण एकदम रास्त आहे. गंमत अशी की 4600 कोटी प्रकाशवर्षं (एक प्रकाशवर्ष म्हणजे प्रकाश एका वर्षात कापतो तेवढं अंतर) हे प्रकाश जिथून निघाला ते ठिकाण *आज* किती लांब आहे त्याचं अंतर आहे, प्रकाश निघाला तेव्हाचं नाही. आपल्याला दिसणारा सगळ्यात जुना प्रकाश विश्व साधारण 3 लाख 80 हजार वर्षांचं असताना सुटला, त्याआधी सगळं गरम धुक्यासारखंच होतं, प्रकाश त्यातून सरळ जातच नव्हता. तो सुटला ती जागा तेव्हा आपल्यापासून जेमतेम 4.2 कोटी प्रकाशवर्षांवर होती. बस्स एवढीच! पण मधली जागाच ताणली जात होती, ती पण इतक्या जोरात की आपल्याकडे निघालेला प्रकाश सुरुवातीला चक्क आपल्यापासून लांबच जात राहिला, मग पसरण्याचा वेग मंदावल्यावर हळूहळू जवळ यायला लागला आणि आत्ता पोचतोय. तेव्हापासून सगळी अंतरं साधारण 1100 पट झाली, करा गुणाकार. यात नियम कुठेच मोडत नाही, कारण प्रकाशाच्या वेगाची मर्यादा जागे*तून* पळणाऱ्याला आहे, जागा ताणली जाण्याला नाही.

हाच जुना प्रकाश, ताणून ताणून रेडिओ लहरींसारखा झालेला, 1964 मध्ये पेन्झियास आणि विल्सन या अमेरिकेतल्या दोन शास्त्रज्ञांच्या अँटेनात खरखर म्हणून आला होता. कबुतरांची घाण साफ केली तरी खरखर जाईना. पुढे 1978 ला नोबेल मिळालं त्याबद्दल.

आता मुलीचा प्रश्न. ब्रह्मगिरीवर उभं राहून चारी बाजूला बघितलं तर नजर कुठेतरी थांबते पण जमीन तिथे संपलेली नसते, तसंच हे 4600 कोटी म्हणजे आपल्या नजरेचं क्षितिज आहे, विश्वाची भिंत नाही. तिथल्या एखाद्या दीर्घिकेत (म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समूहात) कोणी असेल तर त्याला त्याच्याभोवती असंच गोल क्षितिज दिसेल आणि आपण त्याच्या कडेला असू. पूर्ण विश्व केवढं हे मोजलेलं नाही. प्लांक उपग्रहाच्या मोजमापांवरून जागा मोठ्या प्रमाणावर जवळजवळ सपाट निघाली (सपाट म्हणजे पोळीसारखी नाही, तर समांतर रेषा कितीही लांब गेल्या तरी समांतरच राहतात अशी), म्हणजे विश्व अनंत असू शकतं. किंवा मर्यादित असूनही कड नसलेलं असू शकतं, सरळ जात राहिलं तर फिरून तिथेच. दोन्हीत "पलीकडे" असं काही लागत नाही, आणि ते पसरतंय म्हणजे कुठल्या रिकाम्या खोलीत पसरतंय असंही नाही, आतली अंतरंच वाढतायत. हे पचायला जड आहे, मला विचाराल तर आठवीतल्या पोरांना आपल्यापेक्षा लवकर पचतं.

अजून एक तिला सांगा, पुण्याला जाताना नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ लहरी पकडणारी दुर्बीण आहे, 45 मीटर व्यासाच्या 30 डिश. त्याच दुर्बिणीतून एका दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा 880 कोटी वर्षांपूर्वी निघालेला रेडिओ सिग्नल पकडला, 2023 ला बातमी आली होती. मध्ये असलेल्या दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखं काम केलं आणि सिग्नल साधारण 30 पट वाढला म्हणून जमलं.

प्रश्न : नाशिकमधून साध्या डोळ्यांनी सगळ्यात लांबचं काय दिसेल?
(कॉलेज स्टुडंट, नाशिकरोड)

उत्तर : देवयानी दीर्घिका, 25 लाख प्रकाशवर्षं. शहरातून विसरा, कॉलेज रोडच्या लाइटात तर अजिबातच नाही. नोव्हेंबरात अमावस्येच्या आसपास त्र्यंबकच्या पुढे हरसूलकडे जा, रात्री नऊ-साडेनऊला उत्तरेला तोंड करून बऱ्यापैकी वर बघा. शर्मिष्ठा या तारकासमूहाचा इंग्रजी एम (M) सापडला की त्याचं जास्त टोकदार टोक साधारण देवयानीकडेच असतं. फोटोतल्यासारखी रंगीत चक्री दिसायची नाही, पुसट डाग दिसेल. पंधरा-वीस मिनिटं मोबाईल खिशात ठेवा म्हणजे डोळे अंधाराला सरावतात, आणि सरळ रोखून न बघता जरा बाजूला बघा, तसं लवकर दिसतं.