बोटीच्या बॅटरीला केबल किती जाडीची घेऊ?

हर्णैची बोट, १२ व्होल्ट, बॅटरीपासून स्टार्टर ३ मीटर आणि तो १५० अँपिअर खेचतो म्हणतोस, तर हिशोबात लांबी ६ मीटर धर, करंट जातो तसा परतही येतो ना, इथेच बहुतेकांचं चुकतं. तांब्याच्या २५ स्क्वेअर एमएममध्ये साधारण ०.६ व्होल्ट वाटेतच जातात, ३५ मध्ये ०.४५ च्या आसपास, ५० मध्ये ०.३. मी ५० च घेईन. पण टिनचा मुलामा दिलेल्या बारीक तारांचीच घे हां, साध्या तांब्याला खाऱ्या हवेत आतून हिरवा गंज चढतो, वरून केबल धडधाकट दिसते आणि ऐन पहाटे निघताना स्टार्टर नुसता कटकट करतो. ॲल्युमिनियमवाली अजिबात नको.