फ्लाइट सिम्युलेटरमधला इंजिनाचा आवाज रेकॉर्ड केलेला असतो की संगणक बनवतो?

तुमचा प्रश्न सेसना १७२ या एका इंजिनाच्या छोट्या विमानाबद्दल आहे. सिम्युलेटरमध्ये विमानाचे आवाज ठरवणाऱ्या तिच्या साउंड.सीएफजी फाइलमधले व्ह्यूपॉइंट, आरपॅराम्स, व्हीपॅराम्स म्हणजे काय, हेही तुम्ही विचारलंय. मी काही वर्षं हौसेनं सिम्युलेटरच्या विमानांना आवाज बसवतोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

मूळ आवाज रेकॉर्ड केलेलाच असतो, पण तो गाण्यासारखा सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजत नाही. काही सेकंदांचा एक तुकडा सांधा कळू न देता फिरत राहतो, त्याला लूप म्हणतात. त्याची पट्टी किती चढवायची आणि तो किती मोठ्यानं वाजवायचा, हे त्या क्षणाच्या आरपीएमवरून, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतंय त्यावरून ठरतं. २००६ च्या एफएसएक्समध्ये (मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर एक्स) आरपॅराम्स हा पट्टीचा आलेख आहे आणि व्हीपॅराम्स हा आवाजाच्या पातळीचा. त्यातले आकडे जोडीनं वाचायचे: पहिला इंजिनाची स्थिती सांगतो, दुसरा त्या स्थितीला काय व्हायला हवं ते. व्ह्यूपॉइंट १ असेल तर तो आवाज आत बसल्यावर ऐकू येतो, २ असेल तर बाहेरून पाहताना. पुढे एक्स-प्लेन ११ या दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये एफमॉड आणि २०२० च्या मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये वाइज ही गेमच्या आवाजांसाठीची साधनं आली. विमानाच्या हव्या त्या स्थितीला आवाज जोडणं त्यांत कितीतरी सोपं झालं, पण मूळ कल्पना तीच राहिली.

फाइलला हात लावण्याआधी कागदावर थोडा हिशेब करा. सेसनाच्या चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट होतात. २४०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ४० फेरे, म्हणून ८० स्फोट. प्रोपेलर मध्ये गिअर न ठेवता थेट क्रँकलाच जोडलेला असतो आणि त्याला दोन पाती असतात, म्हणून पात्यांचा मारासुद्धा सेकंदाला ८०. दोन्ही एकाच पट्टीत येतात आणि ती भरदार घरघर तयार होते. पुरुष गायकाच्या तंबोऱ्यातली खर्जाची तार साधारण याच भागात असते. जमिनीवर ७०० आरपीएमला हाच आकडा २३ वर उतरतो. तेव्हा सूर असा उरतच नाही, एकेक ठोका वेगळा ऐकू येतो.

म्हणूनच एका लूपवर भागत नाही. मी पहिल्यांदा २४०० चा तुकडा खेचून ७०० पर्यंत उतरवला होता. वॉकमनचे सेल संपत आल्यावर गाणं जसं रेंगाळतं, तसं सगळं रेंगाळलं: झडपांची टकटक, वाऱ्याची सरसर, पत्र्याची थरथरसुद्धा. खऱ्या विमानात आरपीएम उतरला म्हणून पत्रा काही आपली पट्टी बदलत नाही. मग तीन-चार वेगळ्या आरपीएमची रेकॉर्डिंग घेऊन एक ओसरताना दुसरं चढेल असं मिसळलं. त्याला क्रॉसफेड म्हणतात. वारा आणि चाकांचा आवाज नेहमी वेगळ्या फाइलींत ठेवा, कारण वाऱ्याचा आवाज इंजिनावर अवलंबून नसतो, विमानाच्या वेगावर असतो.

जेट विमानातही असाच हिशेब चालतो. बोइंग ७३७-८०० च्या सीएफएम५६-७बी इंजिनाच्या पंख्याला २४ पाती आहेत आणि त्याचा एन१ (पंख्याच्या फिरण्याचा वेग, टक्क्यांत) १०० टक्के म्हणजे ५१७५ आरपीएम. म्हणजे पात्यांची शिट्टी २०७० हर्ट्झवर, आणि २० टक्क्यांना ४१४ वर. पण पंख्याचा व्यास सुमारे १.५५ मीटर, त्यामुळे टेकऑफच्या वेळी पात्यांची टोकं ध्वनीपेक्षा वेगानं फिरतात. प्रत्येक पात्याची धक्कालहर जराशी वेगळी निघते, म्हणून आवाजाचा नमुना दर पात्याला नाही, तर दर फेऱ्याला पुन्हा येतो, सेकंदाला साधारण ८६ वेळा. करवतीसारखी ती खरखर पंख्याच्या पुढच्या बाजूला बसल्यावर ऐकू येते. तिला बझसॉ म्हणतात. तिच्यासाठी वेगळा लूप करा आणि कमी एन१ ला तो पूर्ण बंद ठेवा.

आता सेसनाचा स्टॉल हॉर्न, माझा सगळ्यात आवडता आवाज. स्टॉल म्हणजे पंखांवरची हवा सुटून विमानाला तोलून धरणारी उचल कमी होणं, आणि हा हॉर्न त्याची आधीच सूचना देतो. तो विजेवर चालतच नाही. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छिद्र असतं. स्टॉल जवळ आला की तिथला हवेचा दाब कमी होतो, नळीतून हवा ओढली जाते आणि हॉर्नमधली रीड वाजते, पेटीत वाजते तशी. स्टॉलच्या ५ ते १० नॉट आधी तो सुरू होतो. त्यामुळे त्याला नुसतं चालू-बंद असं ठेवू नका. सुरुवातीला बारीक, चिरका, मग विमान स्टॉलकडे सरकेल तसा भरत जाणारा ठेवा. लँडिंगला नाक उचलताना वेगाच्या काट्याकडे न बघता कानानं अंदाज घेता येतो, तो याच आवाजावरून.

आणि हे सगळं ऐकायला हेडफोन घ्या. लॅपटॉपच्या लहान स्पीकरमधून ८० हर्ट्झ जवळजवळ बाहेर पडतच नाही. मग लोक इंजिनाचा आवाज वाढवत बसतात, आणि हॉर्न त्याच्याखाली दबून जातो.