एमयूएनमध्ये (मॉडेल युनायटेड नेशन्स, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या कामकाजाची विद्यार्थ्यांची अभिरूप परिषद) डेलिगेटऐवजी, म्हणजे एखाद्या देशाच्या प्रतिनिधीऐवजी, इंटरनॅशनल प्रेस, म्हणजे पत्रकाराचं काम मिळालंय. दोन दिवस नुसती भाषणं लिहून घ्यायची का?

नाही. भाषणं लिहून घेण्यातच माझी पहिली परिषद वाया गेली. नंतर आणखी दोन परिषदांत बातमीदारी केली, त्यावरून सांगतो.

भाषणं सगळ्यांनीच ऐकलेली असतात. बातमी असते अनमॉडरेटेड कॉकसमध्ये, म्हणजे भाषणं थांबवून डेलिगेट जागेवरून उठून आपसात मोकळेपणी बोलतात त्या वेळात. अध्यक्ष वेळ जाहीर करतात, खुर्च्या सरकतात आणि खोलीत तीन-चार घोळके होतात. तेव्हा उठा. ठरावाचा मसुदा कुणाच्या लॅपटॉपवर आहे, एका घोळक्यातून दुसऱ्यात कोण ये-जा करतंय, कोण एकटं उभं आहे, हे टिपा. सुरक्षा परिषदेची समिती असेल तर ठराव मंजूर व्हायला १५ पैकी ९ मतं लागतात आणि पाच स्थायी सदस्यांपैकी एकाचाही नकार चालत नाही. त्यामुळे न बोलणारा स्थायी सदस्य काय करणार, हा प्रश्न दिवसभर मनात ठेवा.

मसुद्याची प्रत मिळाली की शब्द बघा. 'आवाहन करते' कुठे होतं आणि 'निर्णय घेते' कधी झालं? हा कीस काढणं मला फार आवडतं, कारण खऱ्या जगातही सगळं यावरच अडतं. १९६७ चा सुरक्षा परिषदेचा ठराव २४२ घ्या. इस्रायलने ताब्यात घेतलेल्या प्रदेशांतून माघार घ्यावी, असं त्यात आहे. इंग्रजी मजकुरात 'प्रदेश' या शब्दाआधी निश्चित उपपद ('the') नाही, फ्रेंचमध्ये आहे. माघार सगळ्या प्रदेशांतून की काहींतून, हा वाद अजून मिटलेला नाही.

एक चूक मात्र करू नका, मी केली होती. जेवणाच्या सुट्टीत एक डेलिगेट मला म्हणाला, "खरं तर आमच्या देशाचीच चूक आहे." मी ते देशाची भूमिका म्हणून छापलं. तो स्वतःचं मत सांगत होता. दुपारी समितीने त्याला तेच वाक्य वाचून दाखवलं आणि त्याला उत्तर देता येईना. मी दुरुस्ती छापली, पण तो पुन्हा माझ्याशी बोलला नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून विचारतो, "हे देशाच्या नावाने छापू का?"

तुम्हाला रॉयटर्स, रशियाची तास किंवा चीनची शिन्हुआ अशी एखादी वृत्तसंस्था दिली असेल. तिच्या नजरेने बातमी कुठून सुरू करायची ते ठरवा, भर बदला. कुणाच्या तोंडचा शब्द बदलू नका.

पत्रकार परिषदेत 'तुमची भूमिका काय?' असं विचारलंत, तर पाठ केलेलं उत्तर मिळेल. 'कलम ४ मधल्या निधीला तुम्ही सकाळी विरोध केलात, आता त्याच मसुद्यावर तुमची सही कशी?' असं विचारा. त्यासाठी मसुद्याची प्रत्येक प्रत वेळ टाकून जपून ठेवा. पहिली प्रत हातची गेली, तर हा प्रश्न सुचणारच नाही.